हिंदी महासागरात भारत आणि अमेरिका : आमच्या गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या आमच्या अभ्यासिकेत आत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात आणि बाहेर ओट्यावर त्यांचे बाप-काके. पेपरात 'मलबार', 'क्वाड', 'दहा वर्षांचा संरक्षण करार' असं काही छापून आलं की दोन्हीकडून प्रश्न येतात. आतल्यांना दोन मार्कांचं उत्तर हवं असतं, बाहेरच्यांना खरं काय ते. दोघांचंही भागावं म्हणून हे पान. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवला आहे. माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतची आहे.

समुद्र कुठं अन् आपन कुठं! तिथं कोन कोनासंगं फिरते, ह्याचं आपल्याले काय?

समुद्र लांब आहे, पण वाटतो तितका नाही. समुद्र म्हटलं की आपल्याला मुंबईच आठवते. नकाशावर पट्टी ठेवून पाहा : नागपूरहून विशाखापट्टणम मुंबईपेक्षा जवळ पडतं. सिरोंच्याहून तर बंगालच्या उपसागराचा किनारा सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. विशाखापट्टणमला नौदलाच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे आणि भारत-अमेरिकेचा २०२४ चा मोठा सराव तिथंच झाला.

आता खताचं. पोटॅश आपल्या देशात जवळपास निघतच नाही. रशिया, बेलारूस, कॅनडा, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून जहाजानं येतं. डीएपी काही तयार येतं, आणि जे इथं बनतं त्याचा रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक अॅसिड बहुतेक बाहेरचंच. युरिया इथं बनतो म्हणून खूश व्हावं, तर तो ज्या गॅसवर बनतो त्यातला मोठा हिस्सा कतारहून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. घरातलं पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं. कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त आयात. आपल्याकडून जातात त्या रुईच्या गाठी, सूत, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), तेही बहुतेक समुद्रानंच.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कितीतरी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-बारा दिवस जास्त, भाडं जास्त, विमा जास्त. युरियाची गोणी मात्र २६६ रुपये ५० पैशांचीच राहिली, कारण वाढलेला खर्च सरकारच्या अनुदानात जिरतो. म्हणून समुद्रातली गडबड आपल्याला किमतीत दिसत नाही. ती दिसते कृषी केंद्रावर, 'माल आला नाही' या पाटीत.

एका वाक्यात सांगा सर, भारत आणि अमेरिका समुद्रात नेमकं करतात काय?

एकमेकांच्या जहाजांना इंधन देतात, पाणबुड्या शोधायचा सराव करतात, कोणतं जहाज कुठं आहे ही माहिती वाटून घेतात, आणि अमेरिका भारताला विमानं, हेलिकॉप्टरं, ड्रोन विकते. बाकी भाषणं.

ह्याच्यात चीन कुठून आला? हिंदी महासागराले तर त्याचा किनाराच नाही.

किनारा नाही, पण गरज आहे. चीनला लागणारं आखातातलं तेल हिंदी महासागर ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. ही सामुद्रधुनी सिंगापूरजवळ सगळ्यात अरुंद आहे, तीन किलोमीटरहूनही कमी. उद्या कोणी ती अडवली तर काय, ही चीनची जुनी धास्ती. त्यात गैर काही नाही. आपलं तेल ज्या वाटेनं येतं त्या वाटेची काळजी कोणीही करेल.

पण पुढचा क्रम बघा. २००८ च्या अखेरीस चिनी युद्धनौका एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा बंदोबस्त करायला आल्या. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोला लागली, तीही दोनदा. २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ सुरू झाला आणि त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतानं काळजी व्यक्त करूनही 'युआन वांग ५' हे क्षेपणास्त्रं आणि उपग्रहांचा माग काढणारं जहाज हंबनटोटात येऊन उभं राहिलं. चाचे पकडायला पाणबुडी लागत नाही, एवढं ओट्यावरच्या माणसालाही कळतं.

दुसरी बाजू अमेरिकेची. जहाजांच्या संख्येत चीनचं नौदल आज जगात पहिलं आहे. अमेरिकेची जहाजं मोठी आणि ताकदवान, पण ती पॅसिफिकपासून आखातापर्यंत पसरलेली. हिंदी महासागरात कायम घर असलेला आणि मोठं नौदल बाळगणारा देश भारतच. म्हणून तिला भारत हवा आणि भारताला तिचं तंत्रज्ञान. २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या पॅसिफिक कमांडचं नाव बदलून इंडो-पॅसिफिक कमांड केलं, ते यातूनच.

भारत खरंच महासत्ता आहे का? पुस्तकात 'दोन मोठ्या सत्ता' असं लिहिलं आहे.

अमेरिकेच्या मापानं नाही. हिंदी महासागराच्या मापानं आहे. परीक्षेत 'प्रादेशिक महासत्ता' लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडं वळा.

उद्या चीनसंगं लढाई झाली तं अमेरिका आपल्याकून लढन का?

तसं कुठंही लिहून दिलेलं नाही. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया यांच्याशी अमेरिकेचे संरक्षण तह आहेत. भारताशी नाही, आणि भारताला तो नकोच आहे. कारण तह झाला की बंधन दोन्हीकडून येतं. तैवानवरून उद्या चीन-अमेरिका भिडले तर भारतानं जहाजं पाठवावीत, हे दिल्लीतलं कोणतंच सरकार मान्य करणार नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेनं भारताला 'प्रमुख संरक्षण भागीदार' म्हटलं. त्याचा उपयोग तंत्रज्ञान आणि सामान मिळायला सोपं जावं एवढाच. एखादा नेता सभेत 'अमेरिका आपल्या पाठीशी आहे' म्हणाला, तर माहिती पाठीशी आहे, इंधन पाठीशी आहे, सैन्य नाही, असं समजून चालावं.

७१ च्या लढाईत तर अमेरिकेनं आपल्यावरच जहाज धाडलं होतं ना?

हो काकाजी, बरोबर आठवतं तुम्हाला. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध संपत आलं असताना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आणि तिच्यासोबतचा ताफा बंगालच्या उपसागराकडं पाठवला. हेतू भारताला धाक दाखवायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतानं सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला होता. सोव्हिएत जहाजं त्या ताफ्याच्या मागावर आली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. अमेरिकेच्या ताफ्यानं गोळी झाडली नाही, पण आपल्या नौदलाच्या एका पिढीच्या मनात ते जहाज कायमचं रुतून बसलं.

नंतरची गंमत अशी की नौदलाचं 'जलाश्व' हे मोठं जहाज मूळचं अमेरिकेचंच. तिच्या नौदलात त्याचं नाव 'ट्रेंटन' होतं. भारतानं ते २००७ मध्ये वापरलेलं विकत घेतलं. मे २०२० मध्ये कोरोनात अडकलेल्या भारतीयांना मालदीवहून कोचीला आणलं ते याच जहाजानं.

करार किती आहेत? क्लासमध्ये चार सांगतात, नेटवर जास्त दिसतात.

पायाभूत म्हणतात ते चार. २००२ चा जीसोमिया, लष्करी गुपितं जपण्याबद्दल. २०१६ चा लेमोआ, इंधन-रसद-दुरुस्तीचा. २०१८ चा कॉमकासा, सांकेतिक संपर्क यंत्रणांचा. २०२० चा बेका, नकाशे आणि भू-स्थानिक माहितीचा. नेटवर दिसतात ते बाकीचे म्हणजे दर दहा वर्षांचे आराखडे : २००५, २०१५ आणि ताजा ३१ ऑक्टोबर २०२५ चा. हा शेवटचा क्वालालंपूरमध्ये राजनाथ सिंह आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी सह्या करून केला.

वर्षं पाठ करताना एक बघा. २००२ नंतर थेट २०१६. मध्ये चौदा वर्षं गेली, कारण दिल्लीत सरकार कोणाचंही असो, अमेरिकेच्या जवळ जाताना सगळ्यांचेच पाय अडखळतात. मला तरी ते अडखळणं वाईट वाटत नाही.

लेमोआ म्हणजे अमेरिकेले आपल्या बंदरात तळ देला असंच ना?

नाही. गावातल्या किराणा दुकानात आपलं खातं असतं, तसला हा प्रकार. माल उचलायचा, वहीत लिहायचं, नंतर हिशेब चुकता करायचा. खातं आहे म्हणून दुकानात कोणी खाट टाकत नाही. प्रत्येक वेळी परवानगी वेगळी, आणि नको असेल तेव्हा नाही म्हणायची मोकळीक दोघांना.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये, लडाखमध्ये चीनशी ताणलेलं असताना, 'आयएनएस तलवार' या युद्धनौकेनं अरबी समुद्रात अमेरिकेच्या 'युकॉन' या टँकर जहाजाकडून डिझेल घेतलं. दोन जहाजं एका वेगानं शेजारी-शेजारी चालतात, मध्ये जाड नळी, खाली उसळतं पाणी. एकाचं सुकाणू जरा चुकलं तर नळी तुटते नाहीतर जहाजं घासतात. हे काम अनोळखी नौदलाबरोबर ऐनवेळी जमत नाही, वर्षानुवर्षांच्या सरावानं जमतं. त्याच महिन्यात अमेरिकेचं पाणबुडीशोधक विमान पोर्ट ब्लेअरला उतरून इंधन भरून गेलं. आपल्या जहाजाचा फायदा असा की तेलासाठी परत बंदराला यावं लागत नाही, मोहिमेवर आणखी दिवस राहता येतं.

'मलबार' सरावाचा इतिहास थोडक्यात द्या.

१९९२ मध्ये भारत आणि अमेरिका या दोघांनी सुरू केला. शीतयुद्ध नुकतंच संपलं होतं, सोव्हिएत संघ कोसळला होता आणि भारताला नवे मित्र शोधायचे होते. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेनं सराव थांबवला. २००२ पासून परत सुरू. २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरही आले; चीननं नाराजी कळवली, डाव्या पक्षांनी देशात मोर्चे काढले, आणि पुढं बरीच वर्षं ऑस्ट्रेलिया बाहेर राहिला. जपान २०१५ पासून कायमचा सदस्य.

ऑस्ट्रेलिया परत आला २०२० मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले होते. चीनला काय वाटेल म्हणून जे तेरा वर्षं टाळलं, ते गलवाननंतर काही महिन्यांत झालं. २०२३ चा सराव सिडनीजवळ, २०२४ चा विशाखापट्टणमला, २०२५ चा पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या गुआम बेटाला. गुआमला आपली 'आयएनएस सह्याद्री' गेली होती. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली युद्धनौका.

पाणबुडी पाण्याच्या आत. ती वरून विमानातून कशी काय दिसते?

दिसत नाही, ऐकू येते. भारतानं २००९ मध्ये अमेरिकेच्या बोइंग कंपनीकडून पी-८आय विमानं घ्यायचं ठरवलं. आधी आठ, नंतर चार, अशी आज बारा आहेत. ती तमिळनाडूत अरक्कोणम आणि गोव्यातून उडतात. हाडापेरानं प्रवासी बोइंग ७३७ च, पण पोटात वेगळाच संसार.

विमान समुद्रावर हातभर लांबीच्या नळकांड्या टाकतं, त्यांना सोनोबॉय म्हणतात. पाण्यावर पडल्यावर एक भाग तरंगतो, त्यात अँटेना. दुसरा भाग तारेनं खाली सुटतो, त्यात पाण्यातला आवाज पकडणारा माइक. पाणबुडीच्या पंख्याची घरघर त्या माइकला ऐकू येते आणि रेडिओवरून विमानाला पोहोचते. अशा नळकांड्या ठरावीक अंतरानं पेरल्या की कुठल्या नळकांडीला आवाज आधी आला, कुठल्या नळकांडीला मोठा आला, यावरून पाणबुडीची जागा काढता येते. त्यात अडचण अशी की उष्ण समुद्रात वरचं पाणी तापलेलं आणि खालचं गार असतं. या दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो, आणि हुशार कप्तान पाणबुडी त्या थराखाली लपवतो. म्हणून हिंदी महासागराच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा ही माहितीसुद्धा लष्करी मोलाची असते. चीनची 'संशोधन' जहाजं इकडं फिरतात तेव्हा दिल्लीला झोप का लागत नाही, ते यावरून कळेल.

भारतीय पी-८आय मध्ये पाणबुडीच्या लोखंडानं बिघडलेलं चुंबकीय क्षेत्र ओळखणारं यंत्रही आहे. अमेरिकेच्या स्वतःच्या पी-८ मध्ये ते नाही. आपण मागणी करून बसवून घेतलं. २०२० मध्ये याच विमानांनी लडाखवरही टेहळणी केली.

ड्रोनवर एवढे पैसे कशाला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला, साधारण साडेतीन अब्ज डॉलरचा. त्यातले १५ नौदलाचे, बाकी भूदल आणि हवाई दलात आठ-आठ. दिवसभराहून जास्त वेळ आकाशात राहून समुद्रावर नजर ठेवायची, हे यांचं काम. नोव्हेंबर २०२० पासून असे दोन ड्रोन भाड्यानं वापरात होते; त्यातला एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावा लागला आणि गेला. किंमत जास्त आहे ही टीका मला पटते. पण ज्या नौदलाला आखातापासून मलाक्कापर्यंत बघायचं आहे, त्याला डोळे विकत घ्यावेच लागतात.

समुद्राची हद्द असते का? शेताच्या धुऱ्यासारखी?

असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर आपलाच प्रदेश. २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर, हे आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र : तिथली मासळी, तेल, खनिजं आपली, पण जहाजांना ये-जा मोकळी. भांडण आहे ते या दुसऱ्या पट्ट्यातल्या युद्धनौकांबद्दल.

मग २०२१ मध्ये लक्षद्वीपजवळ काय झालं होतं?

हा प्रश्न दर बॅचला एक तरी मुलगा विचारतो आणि विचारायलाच हवा. ७ एप्रिल २०२१ रोजी 'जॉन पॉल जोन्स' ही अमेरिकन विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर, म्हणजे आपल्या आर्थिक क्षेत्रात, परवानगी न मागता फिरली. एवढ्यावर थांबते तर कोणाला कळलंही नसतं. पण अमेरिकेच्या सातव्या ताफ्यानं स्वतःच पत्रक काढून सांगितलं की भारताचे 'अवाजवी दावे' आम्ही मानत नाही हे दाखवायला आम्ही गेलो होतो. परराष्ट्र मंत्रालयानं आपली चिंता अमेरिकेला कळवली.

भारताचं म्हणणं असं की आर्थिक क्षेत्रात परदेशी लष्करी सराव करायचा तर आमची संमती घ्या. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याला मान्यता देताना भारतानं हे लेखी नोंदवलं आहे. अमेरिका म्हणते असा नियमच नाही. आणि गंमत म्हणजे त्या कायद्याला तिनं स्वतः आजवर मान्यता दिलेली नाही. त्याहून मोठी गंमत : या एका मुद्द्यावर भारताची भूमिका चीनच्या भूमिकेच्या जवळ जाते. मैत्री कोणाशी आणि कायद्याचं मत कोणाशी जुळतं, ह्या दोन याद्या वेगवेगळ्या आहेत.

दिएगो गार्सिया कुणाचं?

तळ अमेरिकेचा, ताबा ब्रिटनचा, हक्क मॉरिशसचा. कन्याकुमारीच्या दक्षिणेला साधारण १,८०० किलोमीटरवरचं हे बेट. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरीच्या सुरुवातीला तिथल्या चागोसी लोकांना ब्रिटननं उठवलं आणि अमेरिकेला तळासाठी जागा दिली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसनं करार केला : सार्वभौमत्व मॉरिशसला, तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्यानं चालू. भारतानं स्वागत केलं. धरणात गाव गेलेल्या माणसाला चागोसींची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अंदमानचं महत्त्व सर्व पुस्तकांत असतं. का?

मलाक्काच्या तोंडाशी आपली बेटं बसलेली आहेत म्हणून. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक इंडोनेशियाच्या सुमात्रापासून दोनशे किलोमीटरही नाही; मलाक्काकडं जाणारी जहाजं याच फटीतून जातात. २००१ पासून तिथं तिन्ही दलांची एकत्र कमांड आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम. परीक्षेत नवं लिहा.

ग्रेट निकोबारवर मोठं बंदर, विमानतळ आणि वसाहत बांधायचा सरकारचा प्रकल्प आहे. त्याला विरोध आहे तो जंगल तुटेल म्हणून, शोंपेन आदिवासींचं काय होईल म्हणून, आणि गलाथियाच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवांसाठी. लष्करी गरज खरी आहे, पण तिचं नाव घेतलं की बाकीचे प्रश्न विचारायचेच नाहीत, ही सवय चांगली नाही. गडचिरोलीकडचे लोक यावर माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतील.

क्वाड म्हणजे लष्करी गट का?

नाही. भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा चर्चेचा गट. २००४ च्या त्सुनामीत चौघांनी मदतकार्य एकत्र केलं, २००७ मध्ये बैठक झाली, मग थंडावला, २०१७ मध्ये पुन्हा उठला. मलबार सरावात आज हेच चार देश आहेत म्हणून गोंधळ होतो. २०२२ मध्ये टोकियोत त्यांनी समुद्रावर नजर ठेवण्याची एक संयुक्त योजना जाहीर केली : ओळख सांगणारं यंत्र बंद करून चोरून फिरणारी जहाजं उपग्रहांनी शोधायची आणि छोट्या देशांना ती माहिती द्यायची. भारताचं याबाबतचं केंद्र २०१८ पासून गुरुग्रामला आहे. तिथंही समुद्र नाही, हे आमच्या पोरांना फार आवडतं.

अमेरिकेची मदत न घेता आपलं नौदल काही करू शकते का?

करतेच. हूथींच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनं तांबड्या समुद्रासाठी अनेक देशांची आघाडी उभी केली. भारत तिच्यात गेला नाही. त्यानं आपल्या युद्धनौका स्वतंत्रपणे अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात ठेवल्या. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे मालवाहू जहाज सोडवलं. चाळीस तासांची मोहीम होती. 'आयएनएस कोलकाता'नं जहाज अडवलं, आणि किनाऱ्यापासून कितीतरी लांब, भर समुद्रात नौदलाचे मार्कोस कमांडो त्यांच्या होड्यांसकट विमानातून पॅराशूटनं उतरवले. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, कारण आपल्याकडं २०२२ चा चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा आहे.

आता सामान बघा. कमांडो ज्यातून उतरले ते सी-१७ विमान अमेरिकन बनावटीचं. वरून नजर ठेवणारं पी-८आय आणि ड्रोनही तिथलेच. निर्णय दिल्लीचा, जहाज भारतात बांधलेलं, डोळे विकत घेतलेले. सध्याच्या भागीदारीचं याहून नेमकं चित्र मला सापडलेलं नाही.

एकीकडून ५० टक्के टॅरिफ लावते अन् दुसरीकडून दहा वर्षांचा करार करते. अमेरिका आपल्याले येडं समजते का?

२०२५ मध्ये ओट्यावर सगळ्यात जास्त चाललेला प्रश्न हाच. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. तिरुपूर, सुरतच्या कपडा उद्योगाला झळ बसली. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे गिरणीवाल्याला दिलासा द्यायला बाहेरचा कापूस मोकळा केला, तोही नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या हंगामात. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि व्यापारी त्याच्या किती खाली मागत होते ते यवतमाळ-वर्ध्याच्या माणसाला मी काय सांगू.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी संरक्षणाचा दहा वर्षांचा आराखडा सही झाला.

वेडं समजत नाही. टॅरिफ लावणारी आणि सराव करणारी अमेरिका एकच असली तरी दोन्हीकडं तिचा हिशेब वेगळा आहे, आणि ती एकातला राग दुसऱ्यात आणत नाही. आपणही आणत नाही. दिल्लीनं टॅरिफ लागल्यावर मलबार सराव रद्द केला नाही, तसं रशियाचं तेल घेणंही लगेच थांबवलं नाही. हे शहाणपणाचंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. समुद्रातल्या सौद्यात आपल्या बाजूनं अॅडमिरल बसतात, कपड्याच्या सौद्यात निर्यातदार बसतात. कापूस पिकवणारा कोणत्याच टेबलावर नसतो, आणि शुल्क काढायची वेळ आली की पहिलं त्याच्याच मालावरचं निघतं.

रशियाचं काय मग? तो नाराज होत नाही का?

त्याच्याकडून घेणंही चालूच आहे. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका तिकडचीच. 'तुशिल' ही युद्धनौका डिसेंबर २०२४ मध्ये आणि 'तमाल' जुलै २०२५ मध्ये रशियातल्या कॅलिनिनग्राडमध्ये नौदलात दाखल झाल्या. दोन्ही रशियात बांधलेल्या, इंजिनं मात्र युक्रेनची. दोन देश एकमेकांशी लढत असताना आपण दोघांच्या सामानाची जहाजं घेऊन आलो.

ह्याच्यात आपल्या पोट्ट्यायले काही कामधंदा हाय का?

थोडा आहे. अमेरिकेच्या नौदलाची जहाजं आता भारतात दुरुस्तीला येऊ शकतात. ऑगस्ट २०२२ मध्ये 'चार्ल्स ड्र्यू' हे पहिलं जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली गोदीत आलं. नंतर माझगाव डॉक आणि कोचीन शिपयार्डनंही असे करार केले. अशा गोद्यांना वेल्डर, फिटर, पाइपफिटर, इलेक्ट्रिशियन लागतात. आयटीआय केलेल्या मुलांनी माझगाव डॉकच्या अप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. अमेरिकन जहाजांमुळं फार मोठी भरती होईल असं मात्र समजू नका.

नौदलात जायचं तर दहावीवर अग्निवीर एमआर, बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर अग्निवीर एसएसआर. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतात; हे आधीच समजून घ्या, मागून रडू नका. प्रशिक्षण ओडिशात 'आयएनएस चिल्का'ला. अर्ज फक्त नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावर.

मर्चंट नेव्हीत लावून देतो म्हणून एकजण अडीच लाख मागते. द्यावं का?

देऊ नका. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची नोकरी, नौदलाशी तिचा संबंध नाही. आमच्या भागातून अशी पोरं मुंबईपर्यंत नेऊन लॉजवर सोडून दिलेली आहेत, आणि शेत गहाण ठेवून आणलेले बापाचे पैसे परत आलेले नाहीत. ज्यांना खरंच जहाज मिळतं त्यांचंही बघा : पैसे घेऊन चढवलेली मुलं बहुतेकदा जुनाट, कागदपत्रांत गोलमाल असलेल्या जहाजांवर जातात, आणि चाचे किंवा क्षेपणास्त्र आलं की त्यांच्यामागं कंपनी उभी राहत नाही.

भरती करणाऱ्या एजंटकडं नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे; परवान्याचा क्रमांक मागा आणि त्या यादीत स्वतः ताडून पाहा. कोर्स कुठला करायचा तेही तिथल्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतूनच ठरवा. आणि परवाना असलेल्या एजंटलाही नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. ते जहाजाच्या मालकानं द्यायचे असतात.